सूनबाईची सात कलमं

सकाळी साडेनऊ वाजता सूनबाईने इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप मांडला, केसांना चाप लावला आणि अंगातला सदरा पुढून-मागून तपासला. खांद्यावर दुधाचा डाग नव्हता. गेल्या कित्येक महिन्यांत असा योग आला नव्हता. खाली कालचीच विजार होती, पण ती काही सर्व्हरला दिसणार नव्हती. पिल्लू आठ महिन्यांचं झालं होतं, लांबत लांबत गेलेली रजा काल संपली होती, आणि आज दुपारी बारापर्यंत तिला सर्व्हरवर जाऊन एका ओळीचा हुकूम द्यायचा होता. एकच ओळ!

"दहापर्यंत उरकते बघा, आई," ती सासूबाईंना म्हणाली. "मग तुम्ही निवांत आंघोळीला जा."

सासूबाईंनी खांद्यावरचा टॉवेल दाराच्या कडीला अडकवला नाही, पण सुनेच्या बोलण्यावर फारशी भिस्तही ठेवली नाही. छापखान्यात एकतीस वर्षं प्रुफं तपासून निवृत्त झालेल्या बाई त्या. लोक जे सांगतात आणि जे प्रत्यक्षात छापून येतं, यातलं अंतर त्यांना चांगलं ठाऊक होतं.

शहरातल्या अकरा वाचनालयांची पुस्तकयादी ज्या सर्व्हरवर होती, त्याची सूनबाई व्यवस्थापक. कचेरीत तिला मॅडम म्हणत आणि जरा टरकूनच असत. रजेवर जाण्याआधी तिने सर्व्हरच्या सुरक्षिततेसाठी सात कलमांची नियमावली लिहिली होती. कलमं कडक होती आणि भाषा त्याहून कडक. ती लिहिली तेव्हा तिच्या पोटात पिल्लू होतं आणि डोक्यात, आता मागे वळून पाहताना तिला वाटतं, हवा होती.

आजचा हुकूम दिसायला साधा असला तरी त्यावर बरंच काही टांगलेलं होतं. "घरून काम होतं म्हणजे नेमकं काय होतं, ते मला दाखवा," मुख्य ग्रंथपालबाई म्हणाल्या होत्या. "सोमवारी बरोबर बाराला नवी यादी अकराही शाखांत दिसली पाहिजे. तुम्ही घरी बसून ती सुरू करायची. दिसली, तर वर्षभर घरून काम करण्याच्या पत्रावर सही करते. नाही दिसली, तर मंगळवारी नऊला हजेरी."

मंगळवारी नऊला हजेरी म्हणजे पिल्लू कोणाकडे? पाळणाघर वर्षाच्या आतलं मूल घेत नव्हतं. सासूबाईंच्या उजव्या मनगटाला डॉक्टरांनी जपायला सांगितलं होतं, त्यामुळे दिवसभर मूल उचलणं त्यांना झेपण्यासारखं नव्हतं. नवरा सकाळी आठला जाई तो सहाला येई. थोडक्यात, ही एक ओळ चुकली तर एक तर नोकरी सुटणार होती, नाही तर सासूबाईंचं मनगट.

लिनक्सच्या काळ्या पडद्यावर तिने ऐटीत लॉगिनचा हुकूम टाईप केला. पडद्याने तिच्याकडे पाहिलं आणि खडसावलं. खासगी किल्लीची ही फाईल कोणालाही वाचता येते, असली किल्ली मी हातात धरणार नाही. आणि खाली एक ओळ: परवानगी नाकारली.

या सर्व्हरवर साध्या परवलीच्या शब्दाने कोणाला जाता येत नसे. कलम एक. जायचं ते किल्लीने. किल्ली म्हणजे दोन फायलींची जोडी. खासगी किल्ली आपल्या यंत्रात दडवायची, तिची जाहीर जोडीदारीण सर्व्हरच्या यादीत चिकटवायची, आणि दोघींची ओळख पटली की दार उघडायचं. सूनबाईचा जुना लॅपटॉप दोन महिन्यांपूर्वी पिल्लाने पाण्याची बाटली उपडी करून निकालात काढला होता, तेव्हा ही खासगी किल्ली पेनड्राइव्हवरून नव्या लॅपटॉपात आली होती. वाटेत ती जरा मोकळी-ढाकळी झाली होती, इतकंच.

"हात्तिच्या!" सूनबाई म्हणाली, आणि एका फटक्यात फाईल फक्त स्वतःपुरती करून टाकली. अजून आपल्याला सगळं येतं, या आनंदात तिने मान उडवली. मग किल्ली यंत्राच्या खिशात घालायला घेतली, तेव्हा यंत्राने विचारलं, परवलीचं वाक्य?

सूनबाईची मान होती तिथेच राहिली.

कलम दोन. प्रत्येक किल्लीला किमान वीस अक्षरांचं परवलीचं वाक्य हवं. ते कुठे लिहू नये, कोणाला सांगू नये, टाईप करताना मोठ्याने म्हणू नये. सूनबाईने कलम दोन तंतोतंत पाळलं होतं. तिने ते वाक्य इतकं गुप्त ठेवलं होतं की आता ते तिलाही माहीत नव्हतं.

बाहेरच्या खोलीतून पिल्लाचा पहिला हुंकार आला. मग दुसरा. मग ज्याला कोणीच वाली नाही अशा अनाथाचा टाहो.

"आले हं पिल्लू, दोन मिनिटांत आले!" ती बसल्या जागेवरून ओरडली.

"काही नाही गं, मी आहे," सासूबाई म्हणाल्या. "तुझी पाठ दिसली नाही ना, म्हणून."

सूनबाईने डोकं खाजवलं, नखं कुरतडली, आणि काहीतरी सुचावं म्हणून खिडकीकडे पाहिलं. खिडकीत पाच जाडजूड पुस्तकं एकावर एक रचलेली होती. रजेवर जाताना तिनेच वाचनालयातून आणली होती. गेले आठ महिने पिल्लाची दुधाची बाटली वाळत घालायला ती अगदी सोयीच्या उंचीची ठरली होती. तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिने एकेक अक्षर टाईप केलं: रजेत रोज दोन तास शांतपणे वाचन करणार.

किल्ली मुकाट्याने खिशात गेली.

सूनबाईला हसू आलं आणि पाठोपाठ थोडंसं रडूही आलं. पण सव्वादहा वाजले होते. तिने दोन्ही आवरलं आणि पुन्हा लॉगिनचा हुकूम दिला.

परवानगी नाकारली.

"अगं पण का?" ती पडद्याला म्हणाली. पडदा कारण सांगत नसतो. तिने हुकुमाला जास्त बडबड करायला लावणारी खूण जोडली. यंत्राने दीड पान बडबड केली, मी ही किल्ली दाखवली, मग वाट पाहिली, मग तिकडून नकार आला. सरकारी पत्रासारखं सगळं सांगितलं, फक्त मुद्द्याचं सोडून. तिने सर्व्हरचा पत्ता तपासला, स्वतःचं नाव तपासलं, पुन्हा हुकूम दिला. नकार. लॅपटॉप बंद करून चालू केला. नकार. सहाव्यांदा दिला, तेव्हा तर पलीकडून उत्तरच यायचं बंद झालं. इतका वेळ दार उघडत नव्हतं. आता दारच गायब झालं होतं.

आणि हे कोणी केलं, ते तिला चांगलंच आठवलं. कलम पाच. एकाच पत्त्यावरून पाच चुका झाल्या की सर्व्हरने दोन तास त्या पत्त्याचं तोंड पाहू नये. ही बंदी कोणीही हाताने उठवू नये. दोन तास थांबल्याने माणसाला शहाणपण येतं. हे शेवटचं वाक्य तिने फार खूश होऊन लिहिलं होतं, नवऱ्याला वाचून दाखवलं होतं.

"झालं का गं?" सासूबाईंनी कडेवरच्या पिल्लासह दारातून डोकावलं.

"जवळजवळ," सूनबाई म्हणाली.

सासूबाईंनी टॉवेल दाराच्या कडीला अडकवून टाकला.

आता किल्लेदारांना फोन करण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. किल्लेदार हे तिनेच ठेवलेलं नाव. वाचनालयाच्या सर्व्हरखोलीत बसून किल्ल्यांची यादी सांभाळणारे, निवृत्तीला दीड वर्ष उरलेले एक काका होते. प्रत्येक गोष्ट कागदावर छापून फाईलला लावणारे, अतिशय सावकाश आणि अतिशय नम्र. गेल्या वर्षी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर ते परत आले, तेव्हा त्यांच्या किल्लीत काहीतरी घोळ झाला होता आणि सूनबाईने त्यांना उत्तर पाठवलं होतं, "कृपया नियमावली वाचावी." बस, तीन शब्द. नंबर लावताना ते तीन शब्द तिला आठवले.

तिने फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला, कारण पिल्लू आता तिच्या मांडीवर आलं होतं आणि दोन्ही हात त्यालाच लागत होते.

"काका, मी बोलतेय. मला आत जाता येत नाहीये. जरा बघता का, प्लीज?"



"कोण बोलतंय?" किल्लेदारांनी विचारलं.

"अहो काका, मी! मॅडम!"

"आवाज मॅडमचाच वाटतोय," किल्लेदार विचार करत म्हणाले. "पण मॅडम प्लीज म्हणत नाहीत."

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. सूनबाईचे कान गरम झाले.

"काका, मीच आहे हो. पावणेअकरा वाजलेत, बारा वाजता यादी सुरू करायचीय. माझी किल्ली का चालत नाही तेवढं बघा ना."

कळफलकाचा एकेक खटका ऐकू येऊ लागला. किल्लेदार एका बोटाने टाईप करत आणि प्रत्येक अक्षरानंतर ते उमटलं की नाही हे पाहत.

"मॅडम, तुमची किल्ली यादीतच नाही. काढून टाकलीय."

"काढली? कोणी?"

"तुम्ही."

"मी? मी तर घरी होते!"

"कलम सात," किल्लेदार म्हणाले. कागदाची सळसळ ऐकू आली. नियमावली छापून टेबलाच्या काचेखाली ठेवलेली असणार. "एकशे ऐंशी दिवस न वापरलेली किल्ली आपोआप काढली जाईल. मॅडम, तुमच्या प्रोग्रामने तुम्हाला पत्रही पाठवलंय. माझ्याकडे प्रत आली होती, फाईलला लावलीय. वाचू?"

"नको—"

"प्रिय वापरकर्ते," किल्लेदार संथपणे वाचू लागले. "आपण बराच काळ इकडे फिरकला नाहीत. बहुधा आपल्याला आता या दाराची गरज उरलेली नाही. आपली किल्ली काढून टाकण्यात येत आहे. जबाबदार माणसं दार उघडं टाकून जात नाहीत. खाली तुमचं नाव आहे, मॅडम."

पिल्लाने नेमका त्याच वेळी तिच्या नाकाचा चावा घेतला. तिला ते योग्यच वाटलं.

"काका," ती म्हणाली, "गुडघ्याच्या वेळी मी तुम्हाला दोन दिवस ताटकळत ठेवलं होतं ना हो?"

"तीन, मॅडम. मधे रविवार आला होता."

"चुकलंच माझं. अगदी मनापासून सांगते."

"असू दे, असू दे," किल्लेदार गडबडून म्हणाले. एवढं बोलणं त्यांना सोसलं नसावं. "तुम्ही नवी किल्ली बनवून पाठवा. मी लगेच चिकटवतो. म्हणजे, कलम चारप्रमाणे पडताळून."

नवी किल्ली बनवायला अर्धं मिनिट लागतं. मांडीवर पिल्लू असेल तर अकरा मिनिटं. एकदा त्याने हुकमाच्या मधोमध पंजा मारला, एकदा लॅपटॉपच मिटला, एकदा खाली पडलेल्या खुळखुळ्यासाठी असा हंबरडा फोडला की पलीकडून किल्लेदार घाबरून म्हणाले, "काही लागलं का हो?" शेवटी सासूबाईंनी त्याला उचललं. ते सासूबाईंच्या खांद्यावरून आईकडे दोन्ही हात पसरून रडू लागलं. इकडे यंत्र नव्या किल्लीसाठी परवलीचं वाक्य मागत होतं, वीस अक्षरी, आणि घड्याळात अकरा पाच झाले होते.

"आले हं पिल्लू, दोन मिनिटांत आले!" सूनबाईचं तोंड दाराकडे होतं आणि बोटं कळफलकावर. बोटांनी काहीतरी लांबलचक टाईप केलं. यंत्राने खात्रीसाठी पुन्हा मागितलं. पुन्हा टाईप केलं. दोन्ही जुळलं. किल्ली तयार झाली.

जाहीर किल्ली फाईल म्हणून पाठवता येईना. कलम तीन, बाहेरून आलेल्या पत्रासोबतची फाईल कचेरीने स्वीकारू नये. तिने किल्लीचा मजकूर थेट पत्रातच उतरवला. पत्र पोचलं. कलम चार, किल्लीची शेवटची सहा अक्षरं फोनवर वाचून जुळवावीत. सहाच का? कारण तिथेच पुढे लिहिलं होतं, याहून जास्त वाचण्याचा धीर लोकांकडे नसतो. सहाच्या सहा जुळली. "चिकटवली," किल्लेदार म्हणाले.

घरच्या इंटरनेटवर दोन तासांची बंदी होती, म्हणून तिने लॅपटॉप सासूबाईंच्या फोनच्या इंटरनेटला जोडला. नवा पत्ता, नवी किल्ली, नवा उत्साह. हुकूम दिला.

परवानगी नाकारली.

"काका, नीट चिकटवलीत ना?"

"अगदी नीट."

परवानगी नाकारली.

"यादीची फाईल जतन केलीत?"

"दोनदा केली, मॅडम."

परवानगी नाकारली.

"माझ्या नावाखालीच ना? दुसऱ्या कोणाच्या नाही?"

"तुमच्याच. शेवटची सहा अक्षरं पुन्हा वाचू?"

पुन्हा वाचली. पुन्हा जुळली. परवानगी नाकारली. चार झाल्या. पाचवी चुकली की हाही पत्ता दोन तास बंद, तिचा स्वतःचा फोन किल्लेदारांच्या बोलण्यात अडकलेला, आणि घरात तिसरा फोन नव्हता. अकरा वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली होती. सूनबाईने कळफलकावरून हात उचलून ओंजळीत तोंड लपवलं. तिला डोळ्यांसमोर मंगळवार दिसू लागला. नऊची हजेरी, आणि दारात पाठमोरी आई बघून रडणारं पिल्लू.

"काय गं, काय अडलंय?" सासूबाईंनी विचारलं. त्यांच्या खांद्यावर पिल्लू मुसमुसत होतं.

"काही कळत नाही, आई. त्यांच्याकडे आहे आणि माझ्याकडे आहे, दोन्ही एकच आहे. शेवटची सहा अक्षरं मिळवून पाहिली."

"शेवटची सहा?" सासूबाई म्हणाल्या. "आणि आधीची?"

"आधीची साठ-बासष्ट आहेत! नुसती अक्षरांची खिचडी आहे ती, तिला अर्थ नाही काही."

"मग तर बरंच झालं. अर्थ असला की माणूस अंदाजाने वाचतो. चुका तिथेच निसटतात." सासूबाईंनी पिल्लाला सूनबाईच्या कुशीत दिलं, चष्मा नाकावर चढवला आणि टेबलाशी येऊन बसल्या. त्यांची पाठ सरळ झाली होती. सूनबाईने त्यांना इतकं ताठ बसलेलं प्रथमच पाहिलं. "अहो भाऊ," त्या फोनला म्हणाल्या, "मी हिची सासू. तुम्ही तुमच्याकडलं वाचायचं, मी माझ्याकडलं बघते. छापखान्यात करतात तसं. जे दिसेल ते सगळं म्हणायचं. मोठं अक्षर असेल तर मोठं, छोटं असेल तर छोटं, मोकळी जागा असेल तर तीही. मनाचं काही घालायचं नाही, मनाचं काही गाळायचं नाही."

"जी," किल्लेदार म्हणाले. आयुष्यभर आपल्याला कोणीतरी असं सांगावं याची वाट पाहिल्यासारखे ते वाचू लागले. "मोठा ए. मोठा ए. मोठा ए. मोठा ए. मोठा सी. तीन. मोठा एन. छोटा झेड. छोटा ए. मोठा सी. एक. छोटा एल."

"एक आणि मग छोटा एल? नक्की?"

"नक्की. एकाला वर टोक आहे."

"शाबास. पुढे."

"मोठा झेड. मोठा डी. मोठा आय..."

दोन संथ आवाज खोलीत एकमेकांना पुढे नेत होते. घाई नाही, वैताग नाही. सूनबाई पिल्लाला थोपटत उभी होती आणि नजरेने घड्याळाचा काटा मागे ढकलत होती. पण मधे बोलण्याची तिची छाती झाली नाही. चाळिसाव्या अक्षराच्या सुमारास पिल्लाचा हुंदका थांबला. पन्नासाव्याला त्याची मान तिच्या खांद्यावर कलली. या घरात आजवर पुष्कळ अंगाई म्हणून झाल्या होत्या, पण इतकी गुणकारी एकही निघाली नव्हती.

"मोठा क्यू," किल्लेदार म्हणाले. "सात. छोटा एच. ओळ संपली. खालच्या ओळीवर, छोटा टी—"

"थांबा." सासूबाईंचं बोट पडद्यावर थांबलं. "ओळ संपली म्हणजे?"

"म्हणजे संपली. पुढचं खाली आहे."

"माझ्याकडे संपत नाही. माझ्याकडे एच नंतर लगेच टी आहे. सलग."

"नाही, इथे खाली गेलंय. आठ अक्षरं खाली आहेत. मला वाटलं, जागा पुरली नसेल."

सूनबाईच्या तोंडून एक चमत्कारिक आवाज निघाला. किल्ली ही एका ओळीत असावी लागते. मधेच तुटली तर सर्व्हरच्या लेखी ती किल्लीच नव्हे. कचेरीतल्या पत्रव्यवहाराच्या प्रोग्रामने लांब ओळ पाहून ती आपली सोयीने मोडली होती, आणि खालच्या तुकड्यातली सहा अक्षरं दोघांनी दहादा जुळवून एकमेकांना शाबासकी दिली होती. फाईल पाठवता आली असती तर हे झालं नसतं. कलम तीन. सगळी अक्षरं वाचली असती तर लगेच कळलं असतं. कलम चार. किल्ली जुनीच राहिली असती तर हा खटाटोपच नव्हता. कलम सात. हे सगळं तिने एकटीने, पगारी वेळेत, मन लावून केलं होतं.

"काका, ती ओळ वरच्या ओळीला जोडा. मधे जागा नको. जतन करा. प्लीज."

एक खटका. शांतता. दुसरा खटका.

"जोडली, मॅडम. बाराला पाच कमी आहेत."

निजलेलं पिल्लू एका खांद्यावर सावरत सूनबाईने एका हाताने शेवटचा हुकूम टाईप केला आणि डोळे मिटून कळ दाबली. डोळे उघडले, तेव्हा पडद्यावर नकार नव्हता. सर्व्हरने किल्ली ओळखली होती. आता फक्त तिच्या यंत्राला नव्या किल्लीचं परवलीचं वाक्य हवं होतं.

"मिळालं!" ती ओरडणार होती, पण ओरडली नाही. नव्या किल्लीचं परवलीचं वाक्य!

मघाशी काय टाईप केलं होतं? तिने आठवून पाहिलं. आठवत होतं फक्त पिल्लाचं रडणं. आणि कलम सहा. दारात आलेल्याने दोन मिनिटांत आत यावं, नाही तर दार मिटेल.

तिने पुस्तकांचं जुनं वाक्य टाकलं. चूक. स्वतःचीच कीव येऊन "नियमावली वाचावी" असंही टाकून पाहिलं. तेही चूक. यंत्र तीनदाच विचारतं, म्हणजे एकच संधी उरली. एक मिनिट गेलं. घर इतकं शांत होतं की पिल्लाचा श्वास ऐकू येत होता, आणि त्या शांततेत डोकं आणखीच रिकामं होत चाललं होतं.

"आई," ती कुजबुजली, "मी विसरले. मघाशी काय टाकलं तेच आठवत नाही."

"मघाशी म्हणजे ते माझ्या खांद्यावर रडत होतं तेव्हा?"

"हो."

"तेव्हा तू बोलत होतीस की."

"काय बोलत होते?"

सासूबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "सकाळपासून तू दुसरं काय बोललीयस?"

सूनबाईने बोटं कळफलकावर ठेवली. बोटांना आठवावं लागलं नाही, ती वाट त्यांच्या पायाखालची होती. आले हं पिल्लू दोन मिनिटांत आले.

दार उघडलं.

तिने तो एका ओळीचा हुकूम दिला. लॅपटॉपच्या कोपऱ्यात अकरा एकोणसाठ झाले होते. मग बारा. फोनमधून किल्लेदारांच्या खुर्चीचा आवाज आला आणि मागोमाग दुसराच एक आवाज आला, कोरडा आणि ठाम.

"दिसली यादी. अकराही शाखांत."

"बाई?" सूनबाईच्या हातातलं पिल्लू निसटता निसटता राहिलं. "तुम्ही तिथे कधी आलात?"

"मोठा ए, मोठा ए, मोठा ए पासून," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "घरून काम होतं म्हणजे नेमकं काय होतं, ते मला पाहायचं होतं. पाहिलं. ऐकलंही."

सूनबाईने मान खाली घातली. खाली कालची विजार दिसली.

"सही करते," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "एका अटीवर. तुमची ती सात कलमं पुन्हा लिहायची. आणि लावायच्या आधी तुमच्या सासूबाईंच्या नजरेखालून घालायची."

"लाल पेन्सिल आहे माझ्याकडे," सासूबाई फोनकडे वाकून म्हणाल्या. मग त्यांनी कडीवरचा टॉवेल घेतला आणि राणीसारख्या आंघोळीला निघून गेल्या.

"मॅडम," फोन ठेवता ठेवता किल्लेदारांचा नम्र आवाज आला, "एक सांगू का? कलम दोन. परवलीचं वाक्य मोठ्याने म्हणू नये."

"म्हणजे तुम्ही..."

"माझाही फोन स्पीकरवर होता, मॅडम. एव्हाना अख्ख्या मजल्याला ते पाठ झालंय. सवडीने बदला. तोवर निदान तोंडातून काढू नका."

"नाही काढत, काका. प्लीज. म्हणजे, थँक यू."

फोन बंद झाला. सूनबाईने पिल्लाला हलकेच पलंगावर निजवलं, दोन्ही बाजूंना उशा लावल्या, आणि पुन्हा इस्त्रीच्या टेबलाशी येऊन बसली. वाक्य बदलायचं होतं. नवं कोणतं ठेवावं, याचा ती विचार करू लागली, तोच मागून उशीची सळसळ झाली. मग पहिला हुंकार. मग दुसरा.

"आले हं पि—"

तिने जीभ चावली. ते आता म्हणायचं नव्हतं. आणि तेच म्हणायचं नाही म्हटल्यावर, म्हणण्यासारखं दुसरं काही तिच्याकडे उरलंच नाही. सूनबाईने लॅपटॉप तसाच उघडा टाकला आणि उठून गेली.